भाजी आधी पुस्तकात, मग पिशवीत, मग ताटात

तुमच्या घरात तीन-चार वर्षांचा भाचा किंवा पुतणी आहे? मग जेवणाच्या वेळचा ड्रामा तुम्हाला नवा नाही. भेंडी चिकट, मेथी कडू, दुधी तर ‘शीऽऽ’! चिप्सचं पाकीट मात्र लांबूनच ओळखतात. कारण ते रोज दिसतं, टीव्हीवर आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही. दुधी थेट ताटात भेटतो, तोही चिरून-शिजवून. जे पोर अनोळखी माणसाच्या कडेवर जात नाही, ते अनोळखी भाजी कशी खाईल?

साधारण दोन ते सहा या वयात नव्या चवीला बिचकणं नॉर्मल आहे. काही मुलांना एकच भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण मात्र तिसऱ्या नकारालाच ‘तिला नाही आवडत’ म्हणून मोकळे!

ही ओळख ताटाबाहेरही होते. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना पालकांकडून दोन आठवडे रोज एका भाजीचं चित्रपुस्तक दाखवलं. नंतर ती भाजी चाखायला मुलं जास्त तयार झाली.

तुम्ही काय करू शकता? ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत. त्यांच्या ‘आलू-मालू-कालू’ या पुस्तकातल्या मालूला मळ्यात बटाटे दिसतच नाहीत, कारण ते जमिनीखाली असतात. अशी गोष्ट वाचा आणि मंडईत किंवा आठवडी बाजारात जा. जमिनीखाली आणखी काय काय येतं? गाजर, मुळा, बीट, रताळं शोधू द्या. कोथिंबिरीचा वास घेऊ द्या. वीस रुपये हातात देऊन एक भाजी त्यालाच निवडू द्या. घरी मटार सोलायलाही बसवा. फक्त ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा नको. त्यात भाजी शिक्षा ठरते.

विषय वाटतो तेवढा छोटा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. गोष्ट वाचून कुपोषण जात नाही. त्यासाठी घरात पुरेसं, चौरस अन्न लागतं. पण ताटात आलेली पालेभाजी पोटात जाणार की बाजूला सरकवली जाणार, हे बऱ्याचदा ओळखीवर ठरतं.

एनएसएसमध्ये असाल, तर वर्षाला १२० तास भरायचे असतातच. त्यातले थोडे जवळच्या अंगणवाडीला द्या. तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं असतात, आहारही मिळतो. आधी सेविकाताईंशी बोला. मग एक गोष्ट आणि बाजारातून आणलेल्या चार भाज्या घेऊन जा. पहिल्या दिवशी कुणी काही खाल्लं नाही तरी चालेल, पुढच्या आठवड्यात त्याच भाज्या घेऊन परत जा.