पहिलीतले लेखन: वळणापासून वाक्यापर्यंत

पहिलीच्या वर्गात लिहायला शिकताना मुलाला दोन कामे एकदम करावी लागतात. एक हाताचे: पेन्सिल धरणे, रेघ हवी तिथे वळवणे, थांबवणे. दुसरे डोक्याचे: काय लिहायचे ते ठरवणे, शब्दातले ध्वनी सुटे करणे आणि त्या-त्या ध्वनीचे चिन्ह आठवणे. शाळेचा बराचसा वेळ पहिल्या कामात जातो. म्हणून तिसरीतले मूल फळ्यावरचा मजकूर सुबक उतरवते, पण मनाने दोन ओळी लिही म्हटले की अडते.

हाताची तयारी अंगणवाडीपासूनच सुरू होते. माती मळणे, मणी ओवणे, चिंचोके रेषेत मांडणे यांनी बोटांत जोर येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला माँटेसरीची तत्त्वे गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर बेतून बालशिक्षण उभे केले. माँटेसरी पद्धतीत मूल खरखरीत अक्षरावरून बोट फिरवते. पेन्सिल हाती येण्याआधीच वळण बोटात बसते.

पुढचा प्रश्न अक्षरांच्या क्रमाचा. वर्णमाला उच्चाराच्या स्थानानुसार लावलेली आहे. लिहिताना तो क्रम सोयीचा पडत नाही, कारण लागोपाठच्या क, ख, ग यांची वळणे अगदी निराळी आहेत. त्यामुळे सारख्या वळणाची अक्षरे एकत्र घेतली जातात: ग, म, न, व, ब, क, प, ष, फ, ट, ठ, ढ. शिरोरेघ अख्खा शब्द लिहून झाल्यावर दिली की अक्षरांतले अंतर सारखे राहते. २००९ च्या शासन निर्णयानुसार वर्णमालेत ॲ आणि ऑ धरून ५२ वर्ण आहेत, आणि मराठीसाठी पाकळीचा ल व देठाचा श ठरवून दिला आहे. मोबाइलच्या पडद्यावर मात्र मुलाला पुष्कळदा दंडाचा ल दिसतो, म्हणून वर्गातले वळण एकच असावे लागते.

सगळी मुळाक्षरे आणि मग बाराखडी, या जुन्या रिवाजात अर्थपूर्ण शब्द लिहायला महिनोन्‌महिने थांबावे लागते. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी रुजवलेल्या पद्धतीत थोडी अक्षरे, सोबत काही स्वरचिन्हे आणि लगेच शब्द असा क्रम आहे. कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावात हे गावाच्या नावावरूनही करता येते. भ, स, ग, व ही चार अक्षरे आणि वेलांटी, मात्रा, काना एवढ्या सामग्रीतून गाव, भाव, वास, वासे, सेवा, गाभा असे शब्द तयार होतात. ‘भि’मध्ये इकार भ नंतर ऐकू येतो, पण वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते, तिथे मुले हमखास चुकतात. ‘कर्जत’मध्ये र आधी उच्चारला जातो आणि रफार होऊन पुढच्या ज च्या डोक्यावर चढतो. चक्र, राष्ट्र आणि वाऱ्यावर या शब्दांत तोच र आणखी तीन रूपे घेतो. ही चार रूपे एकाच दिवशी न शिकवता, ओळखीच्या शब्दांतून एकेक करून घ्यावी लागतात.

कर्जत-खालापूर भागात मराठीच्या जोडीला आगरी, ठाकरी, कातकरी बोली घराघरांत आहेत. आगरी घरातले मूल ‘पानी’, ‘डोला’ म्हणते आणि तसेच लिहिते. ऐकलेल्या ध्वनीला त्याने बरोबर चिन्ह दिलेले असते. त्यावर लाल रेघ ओढली की ते लिहायचेच टाळते. शेजारी ‘पाणी’, ‘डोळा’ लिहून दाखवले की दोन्ही रूपे त्याच्या लक्षात राहतात. २००० पासून राज्यात इंग्रजीही पहिलीपासून आहे. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकते, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते, म्हणून दोन्हींचा सराव वेगवेगळ्या वह्यांत होणे बरे. दिवाळीनंतर कामासाठी वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतल्या मुलांचा सराव ऐन स्वरचिन्हे शिकताना तुटतो. पावसाळ्याच्या तोंडावर परतल्यावर त्यांना पुढच्या इयत्तेचा धडा देण्याआधी जिथे सुटले तिथून हात धरावा लागतो.

स्वतःच्या लेखनासाठी अक्षरे संपण्याची वाट पाहावी लागत नाही. पहिलीतले मूल चित्र काढते. चित्राबद्दल ते जे सांगेल ते शिक्षकाने खाली लिहावे, पुढे त्यातला एक शब्द मुलाने लिहावा, मग एक वाक्य. रोज दहा मिनिटे एवढे पुरते. श्रुतलेखन आणि शुद्धलेखन त्याच्या जोडीला चालू राहतात.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता-लिहिता यावे, असे उद्दिष्ट २०२६-२७ साठी ठेवले आहे. सुवाच्य उतरवलेल्या पानांवरून ते साधले की नाही हे कळणार नाही. पालकांनी वही उघडल्यावर आधी मुलाने काय लिहिले आहे ते वाचावे, वळण त्यानंतर पाहावे.