शाईतले प्रोग्राम

२०२४च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातली काही मुले बीसीएला प्रवेश घ्यायला निघाली. त्या वर्षापासून त्यासाठी सीईटी द्यावी लागते आणि तिचे फॉर्म भरायची मुदत निकालाआधीच संपली आहे, हे त्यांना कॉलेजच्या खिडकीवर कळले. बीबीए-बीसीए एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याने लगोलग सामाईक परीक्षा लावली. पुढे जागा परीक्षार्थींपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या, म्हणून ऑगस्टमध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. तोवर बाकीच्या वर्गांचे तास सुरू झाले होते. मुले मोजकी आणि जागा भरपूर, अशा ठिकाणी प्रवेश परीक्षा लावून कोणाची निवड साधली, याचे उत्तर कुणी दिलेले नाही.

हा घाव वरवरचा नाही. निम्न तेरणा धरणाच्या काठच्या माकणीसारख्या गावातून इंजिनिअरिंगला जाणारी मुले थोडी. बारावी कला किंवा वाणिज्य करूनही संगणकाकडे नेणारी वाट म्हणजे बीसीए, आणि विज्ञानवाल्यांना बीसीएस. माहिती तंत्रज्ञानाची पदवी या भागात आली ती याच दोन नावांनी.

आली तीही दुरून. माकणीला जवळचे मोठे गाव लातूर. पण १९९४मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि लातूर तिकडे गेले. धाराशिव जिल्हा मात्र तेव्हाच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडेच राहिला. लोहारा-उमरग्याच्या मुलांनी काय शिकायचे, हे अडीचशे किलोमीटरहून दूर बसलेले अभ्यासमंडळ ठरवत आले. कोबोल-पास्कलची नव्वदची वर्षे या भागाला फारशी शिवलीच नाहीत. वाय-टू-केच्या निमित्ताने कोबोल येणाऱ्यांना परदेशी मागणी आली आणि संपली, इथे ती बातमी म्हणूनच पोचली.

खरे दशक २००२ ते २०१२चे. २००२च्या सुमाराला एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा कोर्स आला आणि तालुक्याच्या बाजारपेठेत संगणकाचे वर्ग उघडले. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागते म्हटल्यावर घरोघरी संगणक हा शब्द गेला. तीन महिन्यांत कोर्स होतो, मग तीन वर्षे कशाला घालवायची, असे पालक विचारू लागले. पदवीत नेमके काय शिकवतात ते त्यांना कुणी समजावून सांगितले नव्हते.

शिकवत काय होते? पहिल्या वर्षी सी भाषा, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, थोडे गणित. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम. तिसऱ्या वर्षी जावा, नेटवर्किंग, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि प्रोजेक्ट. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ आणि बालगुरुसामींची पुस्तके वर्गभर फिरायची, बहुधा झेरॉक्स होऊन. लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा. बोरलँडचे ते सॉफ्टवेअर १९९०च्या आसपासचे, पण २०१०नंतरही महाराष्ट्रातल्या कितीतरी लॅबमध्ये तेच चालू होते. त्यात साधी पूर्णांक संख्या दोन बाइटची, म्हणजे ३२,७६७पर्यंतच जाणारी. अडत्याकडच्या पट्टीची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला आणि रक्कम चाळीस हजार झाली, तर पडद्यावर यायचे उणे २५,५३६. हे उत्तर असे का आले, ते ज्याला समजले त्याला यंत्राच्या पोटात आकडे कसे साठवतात ते समजले. ज्याला ‘इंट दोन बाइटचा असतो’ एवढेच पाठ करायला लावले, त्याला पुढे नव्या कंपायलरवर तोच इंट चार बाइटचा दिसला आणि तो मुलाखतीत गडबडला.

दुर्दैवाने पाठ करायला लावणारेच जास्त होते. तीन तासांचा पेपर, त्यात शाईने लिहायचे प्रोग्राम. अर्धविराम राहिला तर गुण कापले जात, पण तो प्रोग्राम चालतो का, हे तपासायची सोय उत्तरपत्रिकेत नव्हती. प्रॅक्टिकलचे जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवायचे. एक्स्टर्नल येणार म्हटले की त्यावर सह्या व्हायच्या. यात मुलांचा दोष थोडा. त्या काळात ग्रामीण भागात भारनियमन तासन् तास चालायचे. वेळापत्रकात प्रॅक्टिकल असायचे तेव्हाच वीज गेलेली, यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या, आणि आठ-दहा चालू मशिनांवर अख्खी तुकडी. मग एक जण टाइप करणार आणि तिघे बघणार. त्या तिघांत मुली जास्त असत, हेही नोंदवायला हवे.

त्याहून मोठा घोळ शिक्षकांचा. हे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. शिकवणारे तासिका तत्त्वावर, तासाला ठरलेले पैसे, तेही सहा-सहा महिने थकलेले. पुण्यात नोकरी लागली की सत्राच्या मध्येच शिक्षक निघून जायचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा निम्मा भाग ‘इम्पॉर्टंट’च्या यादीवर भागायचा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे लायब्ररी मॅनेजमेंट किंवा पेरोल, व्हिज्युअल बेसिक ६मध्ये. मायक्रोसॉफ्टने त्या भाषेचा आधार एप्रिल २००८मध्ये काढून घेतला, तरी प्रोजेक्ट निघतच राहिले. शहरात ते तयार मिळायचे, काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत मुलाचे नाव घालून. हे ज्यांना दिसत होते आणि तरीही ज्यांनी व्हायवात गुण दिले, त्यांनी त्या मुलांचे नुकसान केले.

आणि तरीही त्या दशकातले काहीतरी हरवले, याची हळहळ वाटते. वीज गेल्यावर खडू हाती घेऊन फळ्यावर लिंक्ड लिस्ट काढणारे शिक्षक होते. स्टॅक म्हणजे भाकरीची चवड, शेवटी ठेवलेली आधी उचलायची, असे मराठीत सांगून मग इंग्रजी व्याख्या लिहून देणारे होते. कॉडचे रिलेशनल मॉडेल १९७०चे, डाइक्स्ट्राची सर्वांत जवळचा मार्ग शोधायची रीत १९५९ची. यातले काहीच शिळे झालेले नाही, बँकेचा व्यवहार आणि मोबाइलवरचा नकाशा आजही त्याच मुळांवर उभे आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाच्या आगेमागे या पट्ट्यात जन्मलेली मुले २०११च्या सुमाराला पदवीला आली. २००८ची मंदी आणि जानेवारी २००९मधले सत्यम प्रकरण यांनी आधीच्या तुकड्यांच्या नोकऱ्या अडवल्या होत्या. तरी ज्यांचा हा पाया पक्का झाला, ती मुले उशिरा का होईना पुण्या-हैदराबादेत लागली आणि नवी भाषा स्वतःच्या बळावर शिकली.

पुढची वर्षे भराभर गेली. २०१६मध्ये इंटरनेट स्वस्त झाले आणि लॅबची वाट न पाहता मोबाइलवर कोड चालवता येऊ लागला. २०१२ला हेच मिळाले असते तर किती मुले तरली असती. आता अडचण दुसऱ्या बाजूने आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली असे सगळे तीन वर्षांच्या १२० ते १३२ श्रेयांकांत बसवायचे आहे. जाहिरातीला शोभणारी डेटा सायन्स, मशीन लर्निंग, क्लाउड ही नावे वर आली आणि डेटा स्ट्रक्चरचे, गणिताचे तास आक्रसले. मशीन लर्निंगला संभाव्यताशास्त्र लागते, रेषीय बीजगणित लागते. कला शाखेतून आलेल्या मुलाला ते एका सत्रात उरकून द्यायचे आणि मग मॉडेल चालवून दाखवायचे, ही त्याची फसवणूक आहे. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून असाइनमेंटचा कोड तयार मिळतो. तो चुकला तर कुठे चुकला हे हुडकायला तीच जुनी समज लागते, जिचे तास कमी केले.

नव्या रचनेत चार श्रेयांकांचे ऑन-जॉब ट्रेनिंगही आहे. कल्पना उत्तम आहे. लोहारा तालुक्यात आयटी कंपनी नाही, म्हणून ते कागदावरच उरकायचे कारण नाही. पतसंस्था आहेत, साखर कारखान्यांची ऊसनोंदणी आहे, ग्रामपंचायतींचे दाखले आहेत, धरणाच्या पाणीपाळीच्या नोंदी आहेत. माकणीच्या मुलाने पाणीपाळीच्या नोंदींचा डेटाबेस बांधला, तर तो रेक्झिनमधल्या पेरोलपेक्षा हजारपट खरा प्रोजेक्ट होईल. त्याच्याबरोबर बसून ती सारणी दुरुस्त करणारा, वर्षभर कॉलेजात असणारा आणि महिन्याला पगार मिळणारा शिक्षक तेवढा नेमायला हवा.