सनस्क्रीन ऊन परतवते का?

झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे 'फिजिकल' सनस्क्रीन ऊन आरशासारखे परतवते आणि अ‍ॅव्होबेन्झोनसारख्या संयुगांचे 'केमिकल' सनस्क्रीन ते शोषून घेते, ही विभागणी सर्रास ऐकू येते. तिचा उत्तरार्ध बरोबर आहे, पूर्वार्ध जवळजवळ चुकीचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत या ऑक्साइडांनी अतिनील किरणांपैकी सरासरी ४ ते ५ टक्केच परतवले. बाकी मुख्य काम शोषणाचेच होते. चेहऱ्यावर उमटणारा पांढुरका थर हा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्याचा परिणाम आहे, अतिनील किरण अडल्याची ती खूण नव्हे. तेव्हा प्रकारापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: किती पल्ल्याचे किरण अडतात आणि थर किती जाड बसतो. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांविषयी बोलतो. काचेतूनही आत येणाऱ्या, त्वचेत खोलवर जाणाऱ्या यूव्हीएसाठी 'पीए'पुढची अधिकची चिन्हे किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द शोधावे लागतात. शिवाय एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवते, तेही दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावल्यावर. बहुतेक लोक याच्या निम्मेही लावत नाहीत. महागड्या ट्यूबचे बोटाच्या टोकाएवढे थेंब चेहराभर पसरणे म्हणजे संरक्षणाचा निव्वळ आभास, आणि मला हाच सर्वांत घातक गैरसमज वाटतो.

केमिकल सनस्क्रीन रक्तात उतरते, मग ते टाळावे, असा आक्षेप घेतला जातो. त्यातले तथ्य नाकारण्यासारखे नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेच्या २०१९ आणि २०२० मधल्या चाचण्यांत अशी काही संयुगे रक्तात आढळली. पण रक्तात आढळणे म्हणजे अपाय सिद्ध होणे नव्हे. एफडीएने आणखी माहिती मागितली आणि वापर थांबवू नका, असेही सांगितले. ज्यांना तरीही शंका वाटते त्यांनी खुशाल झिंकचे निवडावे. उन्हापासून मात्र उघडे राहू नये, कारण ऑस्ट्रेलियातील नँबूर इथे झालेल्या दीर्घ चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले होते. ते लोक गोऱ्या कातडीचे होते, आपल्याला काय त्याचे, हा पुढचा प्रश्न रास्त आहे. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन खरोखरच बरेच संरक्षण देते आणि आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी आढळतो. पण वांग आपल्याच त्वचेवर अधिक उठतात, आणि ते दृश्य प्रकाशानेही गडद होतात. रंगहीन सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी लोहाचे ऑक्साइड मिसळलेले रंगीत, 'टिंटेड' सनस्क्रीन लागते.