बार्शी लाइट रेल्वेच्या मालगाड्या

मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी आणि लातूर यांना जोडणारा बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग नॅरोगेज होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे २ फूट ६ इंच होते. तरीही १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झालेला हा मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला, तो प्रामुख्याने मालवाहतुकीच्या बळावर. त्याचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक वाहनाचा आसभार, म्हणजे एका आसावर येणारे वजन, ५ टनांच्या मर्यादेत ठेवला आणि त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही लांबलचक वाघिणी भरून नेता आल्या. भारतीय रेल्वेच्या इतिहासात या साध्या, पण विलक्षण कल्पक तत्त्वाला मिळायला हवे तेवढे श्रेय अजून मिळालेले नाही.

लातूर आणि बार्शीच्या बाजारपेठांतील कापूस, भुईमूग व डाळी या वाघिणींतून कुर्डुवाडीस येत, आणि तेथे रुळांमधील अंतर बदलत असल्याने प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवावे लागे. ‘ट्रान्सशिपमेंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामाने अनेक कुटुंबे जगवली, मात्र वेळ आणि खर्चही वाढवला. पुढे मालट्रकांची स्पर्धा वाढल्यावर हीच अडचण जाचक ठरली. १९५४ मध्ये सरकारने विकत घेतलेल्या या मार्गाचे रुंदीकरण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने झाले, तेव्हा काही ठिकाणी जुनी आखणीही सोडून देण्यात आली आणि नॅरोगेजपासून वंचित राहिलेले धाराशिव शहर नव्या मार्गावर आले.