संसदेची दोन सभागृहे आणि शासनाचे उत्तरदायित्व

मराठीत ‘जबाबदार’ आणि ‘उत्तरदायी’ हे शब्द बहुधा समानार्थी म्हणून योजले जातात. पहिला फारसी वळणाचा, दुसरा संस्कृतातून घडलेला. तथापि दोहोंच्या मुळाशी ‘उत्तर देणे’ हीच कल्पना आहे. भारतीय संसदीय व्यवस्थेचे मर्म समजून घेण्यास हा शब्दार्थ उपयुक्त ठरतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असते. साहजिकच सरकारला पदच्युत करण्याचा अधिकार केवळ लोकसभेकडे आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने फेटाळला गेला व वाजपेयी सरकार कोसळले. परंतु असे प्रसंग विरळा. स्पष्ट बहुमत आणि १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा यांमुळे हे अस्त्र बहुधा म्यानातच राहते. दैनंदिन नियंत्रणाची भिस्त असते ती प्रश्न विचारण्याच्या अधिकारावर, आणि तो अधिकार दोन्ही सभागृहांना आहे.

तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यावयाचे असते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा प्रश्न सत्ताधारी पक्षाचेच सदस्य फिरोज गांधी यांनी लोकसभेत लावून धरला. न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधील मुंगेर व बांका येथून लोकसभेवर निवडून गेलेले मधु लिमये हे याच संसदीय आयुधांच्या जाणकारीसाठी ओळखले गेले.

सभागृहातील प्रश्नांना समित्यांच्या कामाची जोड असते. लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात. मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालांच्या आधारे ती झालेल्या खर्चाची छाननी करते. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद संकेताने विरोधी पक्षाकडे असते.

राज्यसभा सरकार पाडू शकत नाही. मात्र सामान्य विधेयकास तिची संमती आवश्यक असते. मतभेद झाल्यास संयुक्त बैठकीची तरतूद आहे; १९६१, १९७८ व २००२ असा तीनदाच तिचा आश्रय घेऊन विधेयके संमत झाली. घटनादुरुस्तीसाठी तोही मार्ग नाही. याउलट धन विधेयक राज्यसभेने १४ दिवसांत परत करावयाचे असते व तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. म्हणूनच एखादे विधेयक ‘धन विधेयक’ ठरविणे ही निव्वळ तांत्रिक बाब राहत नाही. २०१६ मध्ये आधार विधेयक या स्वरूपात मांडले गेले. राज्यसभेने सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेने नाकारल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते वैध ठरविले, तरी एका न्यायमूर्तींनी तीव्र भिन्नमत नोंदविले.

सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविड साथीमुळे प्रश्नोत्तराचा तास झाला नाही. लेखी उत्तरे मात्र दिली गेली. लेखी उत्तराला उपप्रश्न नसतो, आणि अपुरे उत्तर उघडे पडते ते बहुधा उपप्रश्नातच. बहुमत सरकारला स्थैर्य देते. त्या स्थैर्याचा हिशेब मागण्याचे काम मात्र मतगणनेने नव्हे, तर विचारलेल्या प्रश्नानेच होते.