यंत्र चुकांतून कसे शिकते?

पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी एकच प्रश्न असतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी, तर ४३ फूट धोका पातळी. उद्या पाणी किती चढेल, हे नदीकाठचे जाणते लोक अनुभवाने सांगतात. यंत्राला हा अनुभव कसा द्यायचा?

समजा, आपण संगणकाला मागील अनेक वर्षांच्या नोंदी दिल्या : राधानगरीचा पाऊस, धरणातून सोडलेले पाणी, बंधाऱ्यावरची त्या दिवसाची पातळी आणि दुसऱ्या दिवशीची पातळी. पहिल्या तीन आकड्यांना संगणक एकेका ‘भारा’ने गुणतो, बेरीज करतो व आलेले उत्तर चौथ्या आकड्याशी ताडून पाहतो. उत्तर दोन फुटांनी चुकले, तर चूक कमी होईल अशा रीतीने तो भार किंचित बदलतो. हजारो वेळा असे केले, की चूक घटत जाते. यालाच यंत्राचे ‘शिकणे’ म्हणतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे हे एक प्रमुख तंत्र होय. मोबाइलवर मराठी लिहिताना पुढचा शब्द सुचवला जातो, तोही आधीच्या मजकुरावरून असेच शिकून.

मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. नोंदींत न आलेला असा पूर यंत्राला चकवू शकतो. म्हणून त्याच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबू नये.

येत्या पावसाळ्यात पातळी रोज वहीत लिहा, उद्याचा अंदाज मांडा आणि आपली चूक मोजा. शिकण्याची सुरुवात तिथूनच होते.