विंडोज बदलली आणि वाय-फाय रुसले! लॅपटॉप भंगारात काढण्यापूर्वी एवढे करून पाहा



२०२५ च्या डिसेंबरातील गोष्ट. मेहरूणच्या बोरांचा हंगाम नुकताच सुरू होत होता. रविवारी संध्याकाळी बहीण घरी आली, ती लेकीचा लॅपटॉप पदराखाली झाकूनच. बहीण एमआयडीसीतील एका डाळमिलमध्ये कामाला जाते. भाची पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी भिशी उचलून त्या पैशांतून हा वापरलेला लॅपटॉप घेतला होता. चहासुद्धा न घेता बहीण म्हणाली, "भाऊ, दुकानवाला म्हणतो बोर्ड गेलं. दुरुस्तीत पैसे घालू नका, नवाच घ्या. तीस हजार सांगतो. आते काय करू?"

तीस हजार म्हणजे तिच्या घरातली कित्येक महिन्यांची चूल.

झाले होते असे. विंडोज १० या संगणक प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीने देत असलेला मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. ही प्रणाली २०१५ सालची. दहा वर्षांत ती देशभर लाखो घरांत आणि कार्यालयांत पोहोचली होती. आधार बंद झाला म्हणजे संगणक बंद पडत नाही. पण सुरक्षिततेची नवी डागडुजी मिळणे थांबते. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची जादा मुदत कंपनीने ठेवली, ते फार थोड्यांना कळले. बाकीच्यांनी घाईघाईने विंडोज ११ घालून घेतली. भाचीनेही घातली. त्या दिवसापासून तिचे वाय-फाय लागायचे, दहा मिनिटे चालायचे आणि गुपचूप निघून जायचे. कोपऱ्यात गोल पृथ्वीचे चिन्ह यायचे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, उत्पन्नाचा दाखला चढवायला लागायचे आणि ऐन वेळी संपर्क तुटायचा. सलग दोन रात्री असे झाले आणि मुदत जवळ येत चालली होती.

या शिष्यवृत्तीचा इतिहास आपल्या मुलांना माहीत असावा म्हणून सांगतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपण बौद्धांना मात्र अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. एवढी वाट चालून आलेला हक्क एका रुसलेल्या वाय-फायपायी हुकावा, हे मला काही पटेना.

मी बहिणीला एकच विचारले, "बोर्ड गेलं हे त्याने कशावरून ठरवलं? उघडून पाहिलं का?" उघडले नव्हते. नुसता हातात घेऊन सांगितले होते. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय शिकवले ते आपण विहारात अनेकदा ऐकतो. कोणी अधिकाराने सांगतो म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. विहारातून बाहेर पडल्यावर दुकानाच्या काउंटरपुढे मात्र आपण ते विसरतो. मी काही इंजिनीयर नाही. पण पारखायला इंजिनीयर लागत नाही.

पहिला प्रश्न असा की दोष आहे कोठे? जागा तीनच. बाहेरून येणारी लाइन, घरातला वाय-फायचा डबा म्हणजे राउटर, आणि लॅपटॉप. ज्या जागी लॅपटॉपचे वाय-फाय तुटते त्याच जागी, त्याच वेळी, त्याच वाय-फायवर मोबाइल चालवून पाहावा. तेव्हा मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा, नाहीतर फसगत होते. मोबाइलवरही तुटत असेल तर लॅपटॉप निर्दोष आहे. मग डब्याकडे पाहावे. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल पेटत असेल तर तार कोठेतरी तुटली किंवा सैल झाली आहे. लाइनवाल्याला फोन करण्यापलीकडे घरात काही करण्यासारखे नाही.

मोबाइल छान चालला आणि लॅपटॉपच तुटला, तर दुसरी पारख करावी. मोबाइलचे हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडावा. तेथेही दहा मिनिटांत तुटले तर दोष नक्की लॅपटॉपात. तेथे नीट चालले, तर त्या लॅपटॉपचे आणि घरातल्या डब्याचे आपसात काही जमत नाही असे समजावे.

भाचीच्या बाबतीत मोबाइल धडाधड चालत होता आणि हॉटस्पॉटवरही लॅपटॉप तुटत होता. म्हणजे दोष लॅपटॉपात हे दुकानदाराचे म्हणणे खरे निघाले. पण लॅपटॉपात कोठे? बोर्डात की नव्या प्रणालीत? तो लॅपटॉप विंडोज बदलण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिनतक्रार चालत होता. बोर्डाने नेमका तोच दिवस मुहूर्त म्हणून निवडला असेल, असे मानायला मी तयार नव्हतो.

येथे ड्रायव्हर ही वस्तू समजून घ्यावी लागते. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा चालक नव्हे, संगणकातला दुभाषा. समजा तालुक्याला नवे साहेब आले. ते परराज्यातले, आणि गावची म्हातारी बोलते अहिराणी. मध्ये जुना शिपाई असेल तर दोघांचे बरोबर जुळते. साहेबांबरोबर नवा शिपाई आला आणि त्याला अहिराणी अर्धीमुर्धीच येत असली, तर दोन वाक्ये होतात आणि तिसऱ्याला गाडी अडते. लॅपटॉपात वाय-फायची एक छोटी चिप असते. ती कोणत्या कंपनीची, किती जुनी, त्याप्रमाणे तिची बोली निराळी. विंडोज बदलताना जुना दुभाषा अनेकदा जातो आणि त्याच्या जागी सर्वांना चालेल असा एक सरसकट दुभाषा बसतो. तो कामचलाऊ असतो. चिप आठ-दहा वर्षांची जुनी असेल तर तिच्या निर्मात्याने नवा दुभाषा तयार करणेच सोडलेले असू शकते.

हा आपल्याच नशिबाचा फेरा आहे असे कोणी समजू नये. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा काही संगणकांत जुने व्हीपीएन सॉफ्टवेअर राहून गेले होते, आणि त्यामुळे वाय-फायची जाळीच दिसेनाशी झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका मासिक अपडेटने काही संगणकांचे वाय-फाय बंद पाडले. त्रास विशेषतः विद्यापीठे, कार्यालये आणि सार्वजनिक जागांच्या वाय-फायवर झाला, घरगुती वाय-फायला फारसा नाही. कंपनीने दोष मान्य केला आणि काही दिवसांतच तो बदल मागे घेतला. त्या दिवसांत कोणी "बोर्ड गेले" म्हणून नवा लॅपटॉप घेतला असेल तर त्याचे पैसे पाण्यात गेले.

आता आम्ही काय केले ते सांगतो. खालच्या पट्टीवरील खिडकीच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबले की यादी उघडते. त्यात 'डिव्हाइस मॅनेजर' आहे. त्यात 'नेटवर्क ॲडॅप्टर्स' उघडले की वाय-फायच्या चिपचे नाव दिसते. ते नाव वहीत उतरवून घ्यावे. नावावर दोनदा टिचकी मारल्यावर जी चौकट येते, तिच्यात 'पॉवर मॅनेजमेंट' असे एक पान असते. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी संगणकाला द्यावी काय, अशी तेथे एक खूण असते. ती काढून टाकावी. काही लॅपटॉपांत हे पान नसतेच, त्याने घाबरू नये. आमच्याकडे ही खूण काढल्यावर दहा मिनिटांची पंचवीस मिनिटे झाली. सुधारणा होती, पण रोग गेला नव्हता.

त्याच चौकटीत 'ड्रायव्हर' नावाच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असते. ते दाबले की जुना दुभाषा परत कामावर येतो. आमचे बटण फिकट होते, म्हणजे परत आणायला जुना शिल्लकच नव्हता. मग नवा आणायचा. लॅपटॉपच्या पोटाखाली चिकटपट्टीवर मॉडेलचा क्रमांक असतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकावा आणि वाय-फायचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. विंडोज ११ साठीचा नसेल तर त्याच मॉडेलचा विंडोज १० साठीचा बहुधा चालून जातो. 'सर्व ड्रायव्हर मोफत अपडेट करा' म्हणून नाचणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला मात्र जाऊ नये. आणि "आम्ही विंडोज कंपनीतून बोलतो, तुमचा संगणक बिघडला आहे" असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्यावा. अशा फोनवरून ॲप उतरवून घ्यायला लावतात आणि बँकेचे खाते साफ करतात.

भाचीने रास्त शंका काढली. "मामा, वाय-फायच चालत नाही, तर ड्रायव्हर उतरवायचा कसा?" मोबाइल चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. वायर मात्र डेटा जाणारी हवी. काही स्वस्त वायरींतून फक्त वीज जाते. मोबाइलचे नेट वायरीतून लॅपटॉपात येते, वाय-फायची गरजच उरत नाही. अर्जाची शेवटची रात्र असेल आणि दुरुस्तीला वेळ नसेल, तर याच वाटेने आधी अर्ज भरून टाकावा, दुरुस्ती सकाळी. आम्हीही आधी अर्जच भरला. पावणेअकराला तो गेला, पोचपावतीचा क्रमांक वहीत लिहिला आणि मगच ड्रायव्हर उतरवला. तो घालून लॅपटॉप बंद-चालू केला. त्यानंतर रात्री साडेबारापर्यंत भाचीने मुद्दाम व्हिडिओ लावून ठेवला, एकदाही तुटला नाही.

एवढ्यानेही न जमल्यास सेटिंग्जमधील 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि त्यात 'नेटवर्क रिसेट' आहे. त्याने जोडणीच्या सर्व जुन्या नोंदी पुसल्या जातात. वाय-फायचे पासवर्डही जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत. विंडोज बदलून दहा दिवस झाले नसतील तर 'रिकव्हरी'मधून जुन्या विंडोजवर परतही जाता येते. दहा दिवसांनंतर ती वाट बंद होते.

आणि बोर्ड गेल्याची शंका मनातून जातच नसेल, तर एक पक्की पारख आहे. ओळखीच्या एखाद्या मुलाकडून पेनड्राइव्हवर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून घ्यावी. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो, आतल्या विंडोजला हातही लागत नाही. तेथे तासभर वाय-फाय टिकले तर बोर्ड आणि चिप ठणठणीत आहेत. टिकले नाही तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण काही चिपांचा दुभाषा लिनक्सकडेही नसतो. चिप खरोखर गेली असली तरी नवा लॅपटॉप लागत नाही. बऱ्याच लॅपटॉपांत ती वेगळ्या छोट्या कार्डावर असते आणि ते कार्ड बदलता येते. नाहीतर यूएसबीत खोचायचे वाय-फायचे डोंगल पाचशे रुपयांच्या आसपास मिळते.

डब्याच्या जागेविषयीही थोडे सांगायला हवे. लॅपटॉप सुधारला तरी बहिणीच्या आतल्या खोलीत वाय-फाय मंदच होते. जाऊन पाहिले तर डबा टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून ठेवलेला. पत्र्यातून आणि लोखंडातून या लहरी पार होत नाहीत, आणि आपली निम्मी घरे पत्र्याची. भरलेला पाण्याचा ड्रमही लहरी गिळतो. बहुतेक डबे दोन प्रकारच्या लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतही ओलांडते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीला लवकर हार खाते. विंडोज बदलल्यावर लॅपटॉप कधी कधी दूरच्या खोलीतूनही ५ वरच अडून बसतो. तेव्हा २.४ चे नाव निवडून पाहावे. उन्हाळ्याचे आणखी एक. घरगुती डबे बहुधा ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले असतात आणि आपल्या जळगावचा मे महिना ४५ ला टेकतो. पत्र्याखाली, कपाटाच्या माथ्यावर ठेवलेला डबा दुपारी दमला तर विंडोजला बोल लावू नये.

मी म्हटले, कपाट हलवू. बहीण म्हणाली, "ते लग्नातलं आहे, जागेवरून हलायचं नाही." शेवटी डबाच दाराजवळच्या खिळ्याला टांगला. आता आतल्या खोलीतही येते.